वरून टाकायचं नाही

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या घरात कुत्रं आलं. सुनेनं आणलं. विकतचं नव्हे, रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून सांभाळतात अशा एका ठिकाणचं. तांबडं, एक कान फाटका, पोट पाठीला लागलेलं. माझ्या चार वर्षांच्या नातीनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं. ते माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी बाळा म्हणायला लागलो.

आल्या आल्या अगदी गरीब गाय. माझ्या खाटेखाली पडून राहायचा. मी उठलो की उठायचा, मी मोरीत गेलो की दाराशी बसायचा. सून म्हणायची, "आबा, आणलं मी आणि झालं तुमचं." मला बरं वाटायचं. बायको गेल्यापासून मी उठलो म्हणून कुणी उठत नव्हतं.

त्याला खायला मीच घालायचो. भाकरी दुधात कुस्करायची, आणि तो खात असताना शेजारी बसून कडेचं बोटानं मधे सारत राहायचं. एका सकाळी असाच ताटलीत हात घातला आणि तो ताठ झाला. घशात गुरगुर. मी म्हणालो, "अरे, मी आहे." तेवढ्यात माझा हात त्याच्या दातांत होता.

अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले. दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आलो. सुनेनं पोरीला कडेवर घेतलं होतं ती खाली ठेवेना. "आज तुम्ही, आबा. उद्या हिनं हात घातला तर?" तिचं काही चुकत नव्हतं. तिनं फोन करून सांगितलं, कुत्रं परत न्या.

दुपारनंतर तिथली मुलगी आली. तेलुगू पोर, मला ताता म्हणजे आजोबा म्हणत आपल्या हैदराबादी हिंदीत बोलली. बाळानं खाटेखालूनच शेपूट हलवली. तिनं आधी माझा हात बघितला, मग विचारलं, "ताता, वो खाते वक्त हाथ डाले क्या?"

"हौ. रोजच डालता मैं."

ती हसली. म्हणाली, रस्त्यावर ह्यानं जे मिळवलं ते कुणी ना कुणी हिसकावलं. ताटलीकडं येणारा हात न्यायलाच येतो, एवढंच त्याला ठाऊक.

"मग इतके दिवस गप कसा होता?" मी विचारलं.

"डरता था. अब घर अपना है बोलके समझा, ताता. इसलिए लड़ रा."

उपाय तिनं सोपा सांगितला. जवळ जायचं नाही. लांबून एखादा चांगला तुकडा त्याच्याकडं टाकायचा आणि निघून जायचं. माणूस द्यायलाही येतो हे हळूहळू कळतं त्याला. पोरीला मात्र तेवढा वेळ आत ठेवायचं. सून म्हणाली, "रविवारपर्यंत बघते. पुन्हा गुरगुरला तर नेऊ द्यायचा, आबा."

मी म्हणालो, "मी टाकणार नाही."

"आबा, कुत्रं आहे ते."

"असू दे. माझ्या हातून कुणाला वरून टाकलं जायचं नाही."

सुनेला ठाऊक होतं. त्या आलेल्या मुलीला नव्हतं, म्हणून तिला सांगितलं. मराठवाड्यात आमच्या गावी आई दिवसभर राबून लोकांच्या दाराबाहेर उभी राहायची. भाकर वरून पडायची, पदरात. हुकली तर मातीत. मी शेजारी उभा असायचो. पुढं आम्ही बौद्ध झालो तेव्हा आईनं घराला नेम घातला: आपल्याकडं येईल त्याला हातानं द्यायचं, वरून टाकायचं नाही. मांजराला नाही, कावळ्याला नाही. मी चौथीत शाळा सोडली, रेल्वेत खलाशी झालो, पुष्कळ गोष्टी सोडल्या. हा नेम सोडला नाही.

मुलीनं ऐकून घेतलं. "फिर तुमीच सोचो, ताता. हाथ नक्को डालो, बस."

ती गेल्यावर मी खाटेवर बसून राहिलो. खाली बाळा, त्याच्या श्वासाचा आवाज. आईचं वाढणं आठवत होतो. ताट हातानं पुढं ठेवायची आणि तोंड फिरवून चुलीकडं बसायची. कोण किती खातंय ते कधी बघायची नाही. लहानपणी मला वाटायचं, हिला आमच्याकडं बघायला वेळ नाही. त्या संध्याकाळी वाटलं, उपाशी माणसाला कुणी बघितलेलं नको असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं पोरीला घेऊन स्वयंपाकघराचं दार लावलं. बाळा अंगणात असतानाच मी भाकरी दुधात कुस्करली आणि ताटली भिंतीशी ठेवली. टाकली नाही, वाकून हातानं ठेवली. मग माझी चतकोर घेऊन समोरच्या भिंतीशी गेलो, त्याच्याकडं पाठ करून खाली बसलो आणि हाक मारली. नखं फरशीवर वाजत आली, थांबली. थोड्या वेळानं चाटण्याचा आवाज सुरू झाला. मी चतकोर मोडली आणि मागं न बघता खात राहिलो.