मशीनला राहिलेली हँडलं

पलूसच्या आमच्या वर्कशॉपमधल्या लोखंड कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला मी कॉम्प्युटर जोडून घेतला. वडिलांनी आयुष्यभर वापरलेलं हँडल फिरवून पाहिलं, तर ते हललंच नाही.

“झालं. आता आमी घरी बसायचं,” ते म्हणाले.

जोडणी करणारा सांगलीचा मिस्त्री हसला. “आवं काका, मोटरनं धरलंय त्ये. ह्ये बटण दाबा, मग फिरवा.”

हँडल सुटलं. हँडलं काढून टाकणं त्याला सोपं होतं, पण त्यानं ती ठेवली. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता वडील मध्ये कागदाची पट्टी धरून हातानं हँडल फिरवत कटर लोखंडाजवळ आणतात. पट्टी अडकली, म्हणजे कटर नेमका टेकला, की थांबतात आणि मला म्हणतात, “लाव तुझ्या कॉम्प्युटरला कामाला.”

ते रोज डबा घेऊन येतात.