पलीकडच्या काठावरचा धूर

निखिलची, माझ्या मुलाची, गाडी वळणाआड गेली, तिचा आवाजही विरला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण उगीच हट्ट केला. पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईने एकदा शब्द तोंडाबाहेर काढला की तो गिळायचा कसा? मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि पायवाटेने खाली खोपटीकडे निघाले.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, ट्रॉम्सोपासून मोटारीने तीन तासांवर ही जागा. इथले लोक तिला हित्ता (रानातली किंवा समुद्रकाठची लाकडी खोपटी) म्हणतात. निखिलच्या ऑफिसातल्या एका मित्राची ही वडिलोपार्जित हित्ता. मागे बुटक्या बर्च झाडांचं रान, पुढे फ्योर्ड (डोंगरात घुसलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) आणि फ्योर्डपलीकडे, पाऊण किलोमीटरवर, एकच तांबडं घर. वीज नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही. संडास वीस पावलांवर, त्याच्या दाराला हृदयाच्या आकाराचं भोक. का, ते विचारायला कोणी नव्हतं.

मी इथे कशी येऊन पडले ते सांगायला हवं. गेल्या वर्षी जुलैत नाशिकच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मी एकटीच असते. मंदाबाई रोज सकाळी कामाला येतात, पण त्या तेव्हा हरसूलजवळच्या आपल्या गावी भातलावणीला गेल्या होत्या. दुधाची पिशवी दाराच्या कडीला दुपारपर्यंत लोंबकळत राहिली. समोरच्यांनी ती पाहिली, आणि बाई मुलाकडे गेल्या असतील असं म्हणून ते आपल्या कामाला लागले. तिन्हीसांजेच्या सुमाराला मी सरपटत फोनपर्यंत पोचले. माझं हाड काही मोडलं नाही. निखिलचा धीर मात्र मोडला.

तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. फ्लॅट विकून टाक आणि इकडे ये. या उन्हाळ्यात त्याने मला ट्रॉम्सोला नेलं ते त्याच बेताने. एका रविवारी ही हित्ता दाखवायला आणलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे दहा दिवस एकटी राहून दाखवते. राहिले, तर फ्लॅटचा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि कोणाला धावत यावं लागलं तर?" निखिलने विचारलं.

"तर तू म्हणशील तिथे राहीन."

मी सटाण्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. अट नीट मांडली की उत्तर आपोआप मिळतं, हे मुलांना सांगत आले. स्वतः मांडताना मात्र अटीत काय राहून गेलं ते मला दिसलं नाही.

पहिल्या सकाळी शेगडीनेच मला धडा दिला. घरात एक काळी लोखंडी शेगडी होती, तिचं धुराडं थेट छपरातून बाहेर. धुराड्याला झडप असते हे निखिल सांगायला विसरला होता. मी चूल पेटवली आणि सगळा धूर घरात. डोळे चोळत दार उघडलं, थंडगार वारा आत घेतला, आणि आमच्या सटाण्याच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आईची आठवण झाली. झडप सापडायला अर्धा तास लागला. मग मात्र त्या शेगडीचं आणि माझं जमलं. सहाला उठायचं, शेगडी पेटवायची, ओढ्याचं पाणी वर ठेवायचं, चहा करायचा. नाशिकहून आणलेली चहापूड होती म्हणून, नाहीतर मी पहिल्याच दिवशी हरले असते.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या तांबड्या घरातून एक होडी आली. लोकरीची टोपी घातलेली एक उंच बाई वल्ही मारत आली, होडी ओढून वर घेतली आणि माझ्या हातात एक पुडकं दिलं. तिचं नाव सिग्रिड. वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी जास्त. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

पुडक्यात तपकिरी चीज होतं. चव अगदी बासुंदीच्या खरवडीची. मी तसं सांगायचा प्रयत्न केला, पण बासुंदी समजावताना दमले आणि नुसतीच मान डोलावली.

सिग्रिडने आल्याआल्या शेगडीला हात लावून पाहिला. मग लाकडं पाहिली.

"ओली आहेत. दोन दिवस आधी आत आणून ठेवायची," ती म्हणाली. "तू सहाला पेटवतेस?"

"हो."

"काल पहिला धूर वाईट होता. आजचा चांगला. सरळ वर गेला."

मी मनात म्हटलं, या बाईला दुसरा उद्योग दिसत नाही. नाशिक सोडून पृथ्वीच्या टोकाला आले तरी चौकश्या करणारी शेजारीण काही सुटली नाही. तिला चहा दिला. तिने तो आलं घातलेला चहा औषध प्यावा तसा प्यायला आणि ती परत गेली.

मग कोणीच आलं नाही.

नाशिकमध्ये मी एकटी राहते असं मी सहा वर्षं सांगत आले. ते खोटं होतं, हे मला इथे कळलं. तिथे सकाळी पाण्याची मोटर लागते, खालून भाजीवाला ओरडतो, वरच्या मजल्यावरची मुलं दाणदाण उड्या मारतात, आणि मी त्या सगळ्यांवर चिडते. चिडायला माणूस असणं ही केवढी सोबत असते! इथे मी चहाचा घोट घेतला की तो घशातून उतरल्याचा आवाज मला ऐकू यायचा. समुद्रालाही लाटा नव्हत्या, तो तळ्यासारखा गप्प पडलेला. ऑगस्टातली रात्र नावालाच, उजेड संपता संपायचा नाही, त्यामुळे दिवस कुठे मोडायचा तेही कळेना. चौथ्या दिवशी मी मोठ्याने पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणतीसचा पाढा म्हणून झाला, आणि स्वतःच्याच आवाजाने मला रडू आलं. यजमान गेले तेव्हाही इतकं मोकळं रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, त्यांना चहा द्यायचा होता.

संध्याकाळी पायरीवर बसून मी पलीकडचं तांबडं घर पाहत असे. एवढंच एक माणसाचं चिन्ह.

पाचव्या दिवशी पर्समधली छोटी दिनदर्शिका चाळताना दिसलं की उद्या शीतळा सप्तमी. आमच्या बागलाणात श्रावणातल्या या सप्तमीला घरात चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, चूल सारवून तिला हळद-कुंकू वाहायचं आणि दिवसभर शिळं खायचं. त्या दिवशी शीतळादेवी चुलीत विसाव्याला येते, तिला चटका बसू नये. हे सगळं लेकराबाळांच्या सुखासाठी. माझा देवीवर विश्वास किती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत नाही. पण निखिल झाल्यापासून एकही सप्तमी मोडलेली नाही, आणि ज्या मुलाशी पैज लावून बसले त्याच्यासाठी ती मोडायची, हे काही मनाला पटेना.

म्हणून त्या संध्याकाळी भात आणि दशम्या करून ठेवल्या, शेगडी विझू दिली, राख काढली. सकाळी गार पाण्याने अंग पुसलं, दात वाजत होते. लोखंडी शेगडीला हळद-कुंकू लावलं. बोटं बधिर झालेली, कुंकवाची डबी हातातून निसटली आणि शेगडीपासून दारापर्यंत जमिनीच्या फळ्यांवर लाल सडा पडला. ओलसर लाकडावर ते पुसायला गेले तर आणखीच पसरलं. म्हटलं, राहू दे, नंतर बघू. घरात गारठून बसण्यापेक्षा चाललेलं बरं, म्हणून दहीभात खाऊन टोप घेतला आणि मागच्या टेकडीवर मुल्ते (दलदलीत येणारी नारिंगी रानफळं) वेचायला गेले.

दुपारी उतरले तो सिग्रिड पायरीवर बसलेली. टोपी हातात, पांढरे केस विस्कटलेले.

"धूर नाही," ती म्हणाली. "सहाला नाही. सातला नाही. आठला मी आले. दार उघडं. आत रक्त."

मला क्षणभर काही कळेना. मग कुंकू आठवलं. मी तिला हात धरून आत नेलं, बोटाने जमिनीवरचं कुंकू टिपलं आणि माझ्या कपाळाला लावून दाखवलं. हे सांगताना आज हसू येतं. तेव्हा मात्र हसणं शक्य नव्हतं.

तिच्या काठावर फोनला रेंज होती. परत वल्ही मारत जाऊन तिने, त्याच्या मित्राने देऊन ठेवलेल्या नंबरवर, निखिलला फोन केला होता, आणि पुन्हा इकडे येऊन मला शोधत रानात हाका मारून दमली होती. मी उतरल्यावर तासाभरात निखिल पोचला. पायवाटेवरून तो पळत आला. चाळिशीचा माणूस, पण चेहरा अगदी पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या पोरासारखा.

"आई, काय झालं? शेगडी का नाही पेटवलीस?"

"आज शीतळा सप्तमी आहे रे."

त्याने उघड्या दारातून हळद-कुंकू लावलेल्या शेगडीकडे पाहिलं.

"तुझ्यासाठीच नाही पेटवली," मी म्हटलं.

तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून हसू लागला. निदान सुरुवात तरी हसण्याने झाली होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सिग्रिड समुद्राकडे बघत होती.

शिळा भात आणि दशम्या तिघांनी खाल्ल्या. तेव्हा निखिलने सिग्रिडला विचारून मला सगळं समजावलं. या किनाऱ्यावर सकाळी समोरच्या काठावरचा धूर बघायचा, ही जुनी रीत. धूर दिसला की माणूस उठलं, धडधाकट आहे. नाही दिसला तर होडी काढायची. ही रीत कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती माहीत नसलेलं माणूस इथे कायमचं राहायलाच येत नाही. चौकशी समजून मी जिच्यावर मनात चिडले होते, ती रोज सहाला उठून माझ्यासाठी खिडकीत उभी राहत होती.

"हरलीस तू, आई," निखिल हळूच म्हणाला. "धावत यावं लागलं."

"हरले," मी म्हटलं. त्यात काही वाद नव्हता. नाशिकचा फ्लॅट, गॅलरीतली तुळस, मंदाबाई, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मग मी सिग्रिडला विचारलं, "तुझा धूर कोण बघतं?"

"या घरात माझा दीर राहायचा, निखिलच्या मित्राचा बाप. बाराही महिने. तो बघायचा." तिने खिडकीजवळच्या बाकाकडे हात केला. "आता उन्हाळ्यात कोणी आलं तर येतं. त्यांना माहीत नसतं बघायचं."

"आणि हिवाळ्यात?"

तिने खांदे उडवले.

निखिल मला त्याच दिवशी परत नेणार होता. मी म्हटलं, पैज गेली खड्ड्यात, पण उरलेले चार दिवस मी इथून हलणार नाही. पहिल्यांदाच तो माझ्याशी वाद न घालता एकटा परत गेला. ते चार दिवस मी सहाला शेगडी पेटवायचे आणि शाल गुंडाळून पायरीवर यायचे. पलीकडच्या धुराड्यातून आधी काळपट, मग पांढरा धूर निघायचा. तो सरळ वर गेला की मी आत जाऊन चहा करायचे. एकटेपणा होताच. पण पाढे म्हणावे लागले नाहीत.

शेवटच्या दिवशी निखिल न्यायला आला तेव्हा आम्ही सिग्रिडकडे गेलो, आणि मी तिला आपला मिस्ड कॉल शिकवला. फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि तोडायचा. तिला ते पटेना.

"फोन करायचा, आणि बोलायचं नाही?"

"बोलायचं कशाला? धूर तरी कुठे बोलतो?" मी म्हटलं. निखिलने ते तिच्या भाषेत सांगितलं, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

ठरलं ते असं. तिची शेगडी पेटली की सातला ती मला मिस्ड कॉल देणार, मी लगेच तिला देणार. माझा गेला नाही तर ती निखिलला कळवणार, निखिल मंदाबाईंना, आणि मंदाबाईंकडे माझ्या घराची किल्ली. तिचा आला नाही तर मी निखिलला कळवणार. विमानतळावर माझी बॅग ढकलताना निखिल म्हणाला, "फ्लॅट राहू दे आई. सध्या."

तो "सध्या" घेऊन मी विमानात बसले.

आता नाशिकमध्ये थंडी पडली आहे. तिकडे दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि घड्याळं मागे गेल्यामुळे तिचे सात म्हणजे माझे साडेअकरा. मंदाबाईंनाही याची इतकी सवय झाली आहे की लादी पुसता पुसता त्या विचारतात, "बाई, त्या तिकडच्या बाईचा वाजला का नाय?"

गेल्या मंगळवारी वाजला नाही. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. मी कुकर लावायला उठले होते, ती तशीच हातात लायटर घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. बारा वाजले. एवढ्या अंधारात, एवढ्या बर्फात ती एकटी. धूर नसलेल्या छपराकडे बघत ती माझ्यासाठी कशी उभी राहिली असेल, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. मी पडले त्या दिवशी माझ्या दारापुढून जाणाऱ्या कोणाला ते कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं.

"लावा की निखिलदादाला," मंदाबाई म्हणाल्या. "लय येळ झाला."

मी नंबर शोधत होते तेवढ्यात फोन वाजला. दोनदा वाजला, आणि मी नियम मोडून उचलला.

"सिग्रिड?"

"लाकडं ओली होती," ती म्हणाली. "पेटायला वेळ लागला."

"दोन दिवस आधी आत आणून ठेवायची," मी म्हटलं.

ती हसली आणि तिने फोन ठेवला. मी माझा मिस्ड कॉल दिला, डोळे पुसले आणि गॅस पेटवला.