आधी उकिडवे बसा

रत्नागिरीच्या बाजारात जीन्स विकणारा एक जण आहे. तोंडात सदा बडीशेप, गळ्यात टेप, पण ती टेप कुणाला लावताना मी पाहिली नाही. पँट चढवली की हुकूम सोडतो, "आता उकिडवे बसा."

मासेमारीच्या होडीवर वल्ही मारून माझ्या मांड्या खांबासारख्या झाल्यात, कंबर मात्र बारीक. कंबरेला बसते ती मांडीवर चढत नाही, मांडीवर चढते तिचं कंबरेला पोतं होतं. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला एक बरी वाटली. म्हटलं, "हीच बांध."

"काका, आधी बसा. जाळं काय उभ्याने शिवणार?"

"मेल्या, पँट घ्यायला आलोय, बैठका मारायला नाय!"

तरी देईना. शेवटी रागाने बसलो. पँट कुठेच आवळली नाही, पण माझेच गुडघे धरले. उठताच येईना. माणसं बघायला लागली.

त्याने हात पुढे केला नाही. माझ्यासमोर स्वतः उकिडवा बसला आणि पँटीचे पाय सावकाश दुमडत राहिला, माझा मी उठेपर्यंत.

घरी येऊन दुमड सोडली. लांबी मुळात बरोबरच होती.