देवरे सरांचा भरलेला वर्ग

सायखेड्याची बस चुकली की देवरे सर स्टाफरूममध्ये येऊन गंभीरपणे जाहीर करत, "आज संपूर्ण वर्ग गैरहजर आहे." यात खोटं काही नव्हतं. गंगापूर रोडजवळच्या आमच्या छोट्याशा कला महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारे ते एकटे आणि सायखेड्याहून येऊन ते शिकणारी वैशालीही एकटी. ती आली की सर हजेरीपुस्तक उघडून "रोल नंबर एक" असं खणखणीत पुकारत आणि मग तासभर तिला सोडत नसत. मी अर्थशास्त्र शिकवायचो. एकीसाठी एवढा घसा कशाला कोरडा करता, असं मी एकदा विचारलं. सर मूळचे सटाण्याचे, तापले की अहिराणीवर येत. "एकलीच शे, मंग काय अर्धं शिकाडू?"

त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. वर्गात दहा डोकी दिसली नाहीत तर विषय जूनपासून बंद आणि वैशालीचं तिसरं वर्ष अधांतरी. प्राचार्यांनी सरांना न विचारता तोडगा काढला: शिक्षकांनीच विद्यार्थी व्हायचं. मी मिशी काढून टाकली. पन्नाशीच्या ग्रंथपाल बाईंनी दोन वेण्या घातल्या. इतिहासाच्या निकमांनी टकलावर क्रिकेटची टोपी चढवली आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले, मुलाच्या दप्तरासकट.

समिती आली. सरांनी आमच्यावरून नजर फिरवली.

"रोल नंबर एक."

"हजर, सर," वैशाली म्हणाली. सरांनी पुस्तक मिटलं.

"बाकीचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझे सहकारी आहेत. तर्क शिकायची गरज त्यांना आज पटलेली दिसते."

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्ष मात्र भारावले! शिक्षक एकमेकांच्या तासाला बसतात, हा अभिनव उपक्रम त्यांनी अहवालात ठळक नोंदवला आणि विषयाला वर्षभराची मुदतवाढ दिली. झालं! आता उपक्रम खरा करणं आलं. दर गुरुवारी आम्ही सरांच्या वर्गात. उत्तर चुकलं की सर बाकावर उभं करत. वैशाली सोडून सगळे उभे असायचे. "खोटं एकदा खरं धरलं ना निकम, की त्यातून काहीही सिद्ध होतं. तुम्ही विद्यार्थी आहात, हेसुद्धा."

वैशाली पहिल्या वर्गात पास झाली, विषय बंद झाला, सर निवृत्त होऊन सटाण्याला गेले. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

यंदा अर्थशास्त्रावर गदा आली. विद्यापीठाच्या फॉर्मवर वीस विद्यार्थी लिहा, असा प्राचार्यांचा निरोप होता. मी चार लिहिले आणि छाती फुगवून सरांना फोन लावला.

"सर, नोकरी जाईल कदाचित. पण खरं तेच लिहिलं. चार."

"चारही येतात?"

मी बोटांवर मोजलं. एक जण प्रवेश घेऊन पुण्याला नोकरीला निघून गेला होता.

"तीन येतात, सर."

"मंग तीन लिख ना भो."

फोन कानाला तसाच धरून मी चारचा आकडा खोडला.