समोरची खिडकी

सकाळी दूध तापत ठेवलं होतं, तेव्हा भाच्याचा, रवीचा, फोन आला. "मामी, आई गेली." मी विचारलं, "कुठे?" मला खरंच वाटलं, पुन्हा बसल्या असतील कुठल्या तरी गाडीत. मग तो रडायला लागला तेव्हा उलगडा झाला. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत. कुसुमवन्सं, माझी नणंद. आता महिना उलटून गेला, पण लोक भेटले की मी अजून तोच प्रश्न सांगते, आणि लोकांना ते बरं वाटत नाही. नसेल वाटत तर नसो. त्या बाईच्या बाबतीत "कुठे" हे विचारणं चुकीचं नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मला वन्संचा संशय. चोरी-लबाडीचा नव्हे. पण त्या एक बोलत आणि त्यांच्या मनात दुसरंच असे. "वहिनी, जरा बाजारात येता का?" म्हणाल्या की समजावं, बाजार सोडून भलतीकडेच जायचंय. त्यांचं सासर विंचूरला. कांद्याची शेती, तीन दीर, मोठं खटलं. नवरा गेल्यावर रवीनं त्यांना नाशिकला, गंगापूर रोडला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथं लिफ्ट, गॅलरी, सगळं सुख. सुखातल्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही... नातीच्या मोबाइलवर त्यांनी एक गाडी पाहिली. कालक्याहून सिमल्याला जाणारी, लहान डब्यांची, डोंगरातून वर चढणारी. ती चित्रफीत त्या जेवताना बघायच्या, भाजी निवडताना बघायच्या. आणि एक दिवस घरात सांगून मोकळ्या झाल्या, "मला कालकामातेचा नवस फेडायचाय."

माझ्या कानावर आलं तेव्हाच मी विचारलं, "वन्सं, नवस बोललात कधी?"

"मनात बोलले."

"आणि कालिका तर इथंच आहे, जुन्या आग्रा रोडला. पायी जाऊन याल. तिला सोडून एवढ्या लांबची कशाला?"

"ती गावाची. ही डोंगरावरची. तुम्हाला नाही कळायचं."

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळत होतं की बाई देवासाठी चाललेली नाही. रवीलाही ते कळत होतं. तो माझ्याकडे आला, चहाही न घेता म्हणाला, "मामी, आईचं काहीतरी चाललंय. डॉक्टरनं तिला काही सांगितलंय का? का कुणी बाबा-बुवा गाठ पडलाय? तुम्ही सोबत जा आणि बघा." म्हणजे मी पहारेकरी. गंमत अशी की त्याच संध्याकाळी वन्संचाही फोन आला, "वहिनी, तुम्हाला यावं लागेल. मी विधवा, माझ्या हातनं देवीची ओटी भरत नाहीत. सवाष्ण पाहिजे." मायलेकांनी एकाच दिवशी मला धरलं. आमचे हे म्हणाले, "जा की, हवापालट होईल." मी म्हटलं, हवेचं सोडा, मला यात काळंबेरं दिसतंय.

प्रवासाची आखणी मात्र त्यांनी अशी केली की मी बघतच राहिले. पैसे रवीकडून घ्यायचे नाहीत, हे पहिलं. नाशिकरोडहून दिल्ली, दिल्लीहून कालका, सगळं साध्या स्लीपरनं. म्हाताऱ्या माणसांची सवलत बंद झालेली, त्याबद्दल दोन दिवस बडबडल्या आणि गप्प बसल्या. सिमल्यात मुक्काम करायचा नाही. सकाळच्या छोट्या गाडीनं वर जायचं, दुपारच्या गाडीनं खाली, की खोलीचं भाडं वाचलं. "सिमला बघायचाच नाही?" मी विचारलं. "सिमल्यात काय, दुकानं. बघायचंय ते वाटेत आहे." खायला दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लिंबाचं लोणचं. छोट्या गाडीचं साधं तिकीट, राखीव जागा नाही. दरी कधी या बाजूला येते, कधी त्या बाजूला, हे त्यांनी चित्रफितीत पाहून ठेवलेलं. म्हणून ठरलं असं, की शेजारी बसायचं नाही. एकीनं ही खिडकी धरायची, दुसरीनं समोरची. ज्या बाजूला काही आलं तिनं हाक मारायची.

फक्त एक चूक झाली. नवस म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या बायका थोड्याच गप्प बसतात! एकेक जण नारळ आणि खण घेऊन आली. "काकू, आमचीही ओटी भरा, सुनेसाठी मागणं आहे." "काकू, आमच्या घराचं काम अडलंय." वन्संना नाही म्हणता येईना, कारण नाही म्हटलं तर नवस खोटा. स्वस्तात जायला निघालेल्या आम्ही दोघी म्हाताऱ्या, आणि आमच्यासोबत नारळांची गोणी. मीही माझी एक ओटी त्यात घातली, हिरवा खण लाल काठाचा. वन्संनी विचारलं, "तुम्ही काय मागताय?" म्हटलं, "तुमच्या पोटात काय आहे ते बाहेर पडू दे, एवढंच." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

कालक्याला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. समोर छोटी गाडी उभी, माणसं चढत होती. मी म्हटलं, "आधी देऊळ." वन्संनी गोणीचं एक टोक धरलं आणि डब्याकडे ओढायला लागल्या. "देवी परत येताना."

"येताना रात्र होईल. देऊळ बंद असेल."

"मग देवी समजून घेईल. गाडी नाही समजून घ्यायची."

"लोकांनी विश्वासानं दिलंय, वन्सं! दुसऱ्याची ओटी अशी फिरवायची नसते. अंगावर राहते ती."

"अहो, खिडकी जाईल!" हे त्या इतक्या जोरात ओरडल्या की एका सरदारजींनी उठून आमची गोणी आत घेतली. खिडक्या मिळाल्या. मी तोंड फुगवून बसले. मनात म्हटलं, आता कळेल, सिमल्याच्या स्टेशनावर कोण भेटायला येतं ते.

गाडी चढायला लागली. माझ्या आयुष्यात मी वन्संना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. काचेला नाक लावून बसलेल्या. खाली दरी, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, उंच सरळ झाडं, कमानींचे पूल... वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसत. मधूनच हाक, "वहिनी, इकडे! इकडे!" मी उठून जाईपर्यंत ते मागे पडलेलं असे. मग माझ्या बाजूला ढग आला, अगदी खिडकीशी, तर मीही नकळत ओरडले, "वन्सं, धावा!" एक लांबलचक बोगदा लागला. डब्यातली पोरं किंचाळायला लागली. त्या अंधारात मी विचारून घेतलं.

"आता तरी सांगा. आजार आहे का काही?"

"नाही हो."

"मग कशासाठी आलात?"

"बघायला."

"एवढंच?"

"एवढंच. विंचूरला असताना कामाला गेलं की लांबून गाड्या जाताना दिसायच्या. जन्मभर गाडी बघितली, वहिनी. गाडीतून बघितलं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर पाठवलं असतं का कुणी? तुम्ही आला असता?"

आले नसते. आणि त्यांचं बोलणं मला पटलंही नाही. नुसतं बघायला एवढ्या लांब कोण जातं? वर पोचल्यावर मी फलाटावर चौफेर नजर ठेवली. कुणीही आलं नाही. आम्ही दशमी खाल्ली, चहा घेतला आणि परतीच्या गाडीत पुन्हा समोरासमोरच्या खिडक्या धरल्या.

खाली आलो तेव्हा रात्र झालेली आणि देऊळ बंद. दिल्लीची गाडी पुढ्यात. गोणी आली तशी परत निघाली. नाशिकरोडला उतरल्यावर वन्संनी रिक्षावाल्याला घर सांगितलंच नाही. "कालिकेच्या देवळात घे," म्हणाल्या. तिथं मी एकामागून एक सगळ्या ओट्या भरल्या. प्रत्येकीचं नाव घेऊन, मागणं सांगून. देवी तीच, अंतर तेवढं कमी. शेवटी पाहिलं तर माझा हिरवा खण नाही. "माझी कुठाय?" "भरलीत की मघाशी!" माझा विश्वास बसला नाही, पण रिक्षा थांबलेली, पाय सुजलेले. पुढच्या आठवड्यात रवीनं मावंदं घातलं. यात्रेहून आल्याचं जेवण, पुरणपोळीचं. प्रसाद वाटला. शेजारच्या काकू डोळे मिटून म्हणाल्या, "तिकडच्या पेढ्याची चवच वेगळी." वन्सं माझ्याकडे बघेनात. रवीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामी, काय निघालं?" म्हटलं, "काही नाही." त्याला वाटलं, मी लपवतेय. अजूनही त्याला तसंच वाटतं.

बिल्डिंगमधल्या बायका हे वाचतील. वाचू द्या. जिच्या सुनेचं मागणं होतं तिला नात झाली, घराचं कामही सुटलं. तक्रार असेल तर कालिकेकडे करावी.

तेराव्यानंतर रवीच्या बायकोनं वन्संचं कपाट उघडलं आणि मला बोलावलं. साड्यांच्या मागे, कोपऱ्यात, हिरवा खण लाल काठाचा, आणि त्यात बांधलेला नारळ. आतलं पाणी कधीच आटलेलं. हलवला की गोटा खुळखुळतो. ती म्हणाली, "हे काय हो, मामी?" मला बघताक्षणी समजलं. दुसऱ्याची ओटी अंगावर राहते, हे मीच ओरडून सांगितलं होतं त्यांना. आणि ही तर माझी, मीच जाऊन भरायची. म्हणजे बाईंनी पुन्हा जायची तजवीज करून ठेवली होती, आणि सोबत मला न्यायचीही. हे पहिल्या दिवसापासून ठरवलेलं की देवळात ऐनवेळी सुचलं, ते विचारायला आता सोय नाही. माझा संशय आहे, पहिल्या दिवसापासूनच.

नारळ मी घरी आणला. फडताळात ठेवलाय, डब्यांच्या शेजारी. दार जोरात लावलं की आतून आवाज येतो. परवा आमच्या ह्यांना म्हटलं, दिवाळीनंतर कालक्याला जायचंय. तुम्ही चला. माझ्या शेजारी बसायचं नाही, समोरची खिडकी धरायची, आणि त्या बाजूला काही आलं की हाक मारायची.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढंच?" म्हणाले. "खरं सांग, भानगड काय आहे?"

मी उठले आणि फडताळातून नारळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "नवस आहे," म्हटलं.