शेजारच्या टाउनची मीटिंग

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिप कौन्सिलच्या मीटिंगला त्या काकू नेहमी पहिल्या रांगेत बसायच्या. साडीवर जाड जॅकेट, पायात स्नीकर्स, मांडीवर चिवड्याचा डबा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा मी शाळेसमोरून धडधडत जाणाऱ्या ट्रकांची तक्रार केली. मेयर म्हणाले, "त्या ट्रकांचं वेअरहाउस शेजारच्या टाउनमध्ये आहे. आम्ही काय करणार?"

"तिकडे जाऊन बोला ना," काकू मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

"त्यांनी बोलावलेलं नाही."

काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "भांडायला कुणी आमंत्रण देतं का? सांग रे यांना!"

मी ते इंग्लिशमध्ये जरा गोड करून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मेयर आणि मी चक्क काकूंच्या मिनीव्हॅनमध्ये! ड्राइव्ह काकू करत होत्या, डबा मेयरांच्या मांडीवर होता. शेजारच्या कौन्सिलनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले, "ट्रक येतात हायवेकडच्या टाउनमधून. आम्हीही वैतागलोय."

मेयरांचा चेहरा पडला. मीही घरी जायच्या तयारीला लागलो. काकूंनी मात्र त्या अख्ख्या कौन्सिलपुढे डबा फिरवला.

"मग त्यांची मीटिंग कधी असते? गाडीत अजून चार जागा आहेत."