पहिल्या रांगेतलं लाल बटण

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. कॉम्प्युटर लावून देणारा माणूस आहे मी, बिघाडाला कारण असतंच असं माझं ठाम मत... होतं.

गोष्ट नेरची. त्या वर्षी कापसावर अळीनं कहर केला होता, जिकडेतिकडे फवारणी चालू. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात औषधांच्या स्टोअरचं सॉफ्टवेअर नीट लावायला मी यवतमाळहून जात होतो. स्क्रीनवर नुसता बटणांचा बाजार! मी रोज लागणारी बटणं समोर ठेवली, बाकीची सेटिंगमध्ये आत ढकलली. त्यात एक मोठं लाल बटण होतं — 'विषबाधा'. दाबलं की विषावरचं औषध कोणत्या कपाटात आहे ते दिसायचं.

"ते काहून हलवून राह्यले, साहेब?" मधुकरभाऊ कंपाउंडर म्हणाले. "कुंदाताईनं मुद्दाम समोर ठेवलं होतं."

कुंदाताई म्हणजे आधीच्या स्टोअरवाल्या. चार महिन्यांपूर्वी आजारानं गेल्या. मी हसलो आणि काम पुढे रेटलं.

दुसऱ्या दिवशी बटण परत पहिल्या रांगेत. सेटिंगचा पासवर्ड तर एकट्या माझ्याकडे. माझं डोकं फिरलं. सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्यानं टाकलं, बटण परत आत ढकललं. तिसऱ्या दिवशी... तेच. मी पुन्हा ते आत टाकलं, खात्री करून घेतली आणि तिथंच चहा घेत बसलो.

बाराच्या सुमारास तांड्यावरच्या एका बाईला जीपमधून आणलं. फवारणीचं विष अंगात भिनलेलं, तोंडाला फेस. "वाचवा जी माह्या सुनेले," म्हणत तिची सासू दारातच बसली. डॉक्टरांनी आतून आवाज दिला, "अ‍ॅट्रोपिन आणा, लवकर!" मधुकरभाऊ नेमके रजेवर. नवीन सिस्टर ते विषावरचं औषध शोधायला स्टोअरमध्ये धावत आली, एकेक कपाट उघडत सुटली. काही सापडेना. ते बटण मी चार पायऱ्या आत टाकलं होतं आणि त्या गडबडीत नेमकं कुठं, तेच आठवेना.

सिस्टर कॉम्प्युटरकडे वळली. "हे काय, समोरच तर आहे," म्हणाली.

लाल बटण. पहिली रांग. मागचं कपाट, वरचा कप्पा.

बाई वाचली. तिची सासू सगळ्यांच्या पाया पडली, माझ्यासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना मी मुद्दाम ते बटण पुन्हा आत टाकून पाहिलं. सिस्टरला कपाट आता पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बटण आतच, जागचं हललेलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

मग मीच ते बाहेर काढलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं.